अर्जावरची चार कारणे आणि दारातले पाचवे वाक्य

वाचकांचे प्रश्न : शेजार, नवी घरे आणि ‘बाहेरचे’ लोक

प्रश्न : आम्ही गेली १९ वर्षे न्यू जर्सीच्या मध्य भागातील एका टाउनशिपमध्ये, म्हणजे स्वतःचा स्थानिक कारभार असलेल्या गावात, राहतो. आमच्या घरापासून जवळच एक बंद पडलेले कार्यालय-संकुल आहे. ते पाडून तिथे भाड्याच्या सदनिकांच्या चार मजली इमारती बांधण्याचा प्रस्ताव आला असून त्यांतील काही सदनिका कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव आहेत. आमचे शेजारी अतिशय सज्जन गृहस्थ आहेत; दर हिवाळ्यात आमच्या दारातले बर्फही ते न सांगता काढून देतात. विरोधाच्या अर्जावर सही घ्यायला ते आले. अर्जात रहदारी, शाळांवरचा ताण, पावसाचे पाणी आणि ‘गावाचे रूप’ अशी चार कारणे होती. मी सही केली. जाता जाता ते म्हणाले, “तुमच्यासारखे लोक येणार असते तर आमची काहीच हरकत नव्हती, पण तिथे कोण येणार ते तुम्हालाही ठाऊक आहे.” त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे पती म्हणतात, रहदारीचा त्रास खराच आहे, त्यात द्वेष कुठे आला? कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, अशा विरोधाचे मूळच परक्यांच्या द्वेषात आहे. या दोघांत खरे कोणाचे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : इतिहासापुरते बोलायचे तर तुमच्या मुलीचे म्हणणे खरे आहे, आणि अर्जातील चार कारणांपुरते कदाचित तुमच्या पतींचेही खरे असेल. परंतु तुमची झोप ज्या वाक्याने उडाली ते अर्जात नव्हते, आणि मला उत्तराची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. कागदावर लिहायची कारणे निराळी आणि दारात हलक्या आवाजात सांगायची कारणे निराळी, ही दुहेरी रीत अमेरिकेतील नगररचनेच्या नियमांइतकीच जुनी आहे.

सॅन फ्रान्सिस्कोने १८८० मध्ये असा नियम केला की लाकडी इमारतीत कपडे धुण्याची लाँड्री चालवायची असेल तर नगरमंडळाची परवानगी घ्यावी लागेल. कारण आगीच्या धोक्याचे होते, आणि लाकडी शहरात आगीची भीती खोटी म्हणता येत नाही. शहरात त्या वेळी सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यांपैकी जवळजवळ ३१० लाकडी इमारतींत होत्या आणि सुमारे २४० चिनी लोकांच्या मालकीच्या होत्या. परवानगीसाठी २०० च्या आसपास चिनी अर्जदार गेले आणि एकालाही ती मिळाली नाही. चिनी नसलेल्या ८० च्या आसपास अर्जदारांना मात्र एखादा अपवाद वगळता ती मिळाली. इमारती सारख्या, लाकूड सारखे, आगही सारखीच लागणार; फरक एवढाच होता की आत इस्त्री कोण करीत आहे. १८८६ मध्ये ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की कायदा वरवर निष्पक्ष दिसत असला तरी तो आकसाने आणि भेदभावाने राबवला जात असेल तर तो टिकत नाही. मॉडेस्टो या कॅलिफोर्नियातीलच गावाने १८८५ मध्ये लाँड्र्यांना रेल्वेच्या रुळांपलीकडच्या एका भागात बांधून घातले होते. तो नियम राज्याच्या न्यायालयाने उचलून धरला. कोणत्या भागात काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवणाऱ्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या नियमांत या लाँड्र्यांच्या नियमांची गणना होते.

पूर्व किनाऱ्यावरची गोष्ट फारशी निराळी नाही. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी झोनिंगचा, म्हणजे कोणत्या भागात काय बांधता येईल हे ठरवणारा, कायदा केला, आणि असा कायदा करणारे ते देशातील पहिले शहर ठरले. उंच इमारतींमुळे रस्त्यावर पडणारी सावली हे त्याचे एक खरे कारण होते. दुसरे कारण फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या बड्या दुकानदारांचे होते. जवळच्या इमारतींत शिवणकामाचे कारखाने आले होते आणि त्यांतील कामगार, म्हणजे प्रामुख्याने पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि इटालियन, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पदपथावर येऊन उभे राहत. त्यामुळे आपल्या श्रीमंत गिऱ्हाइकांना अडचण होते, अशी दुकानदारांची तक्रार होती. कारखान्यांना तिथून हटवणे ही कागदावरची मागणी होती. दिसेनासे करायचे होते ते कामगार.

त्याच १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलीने काही भागांत एका जमिनीवर एका कुटुंबाचे एकच घर, एवढीच परवानगी ठेवली. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा वर्णानुसार वस्त्या वाटून देणारा कायदा रद्द केला आणि नगरपालिकांचा तो उघड मार्ग बंद झाला. त्यानंतर दोन आडवाटा रुळल्या. पहिली खरेदीखतात घातलेल्या अटींची : हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकणार नाही किंवा भाड्याने देणार नाही. दुसरी वाट पैशाची होती. जमिनीचा तुकडा किमान एवढ्या मोठ्या आकाराचा, घर एकाच कुटुंबाचे, भाड्याच्या इमारतीला बंदी, असे नियम केले की कोणाच्याही वंशाचे नाव न घेता गरीब माणूस बाहेर राहतो, आणि नुकताच देशात आलेला माणूस बहुधा गरीब असतो. ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवले, तेव्हा निकालपत्रात सदनिकांच्या इमारतीला ‘परोपजीवी’ असा शब्द वापरला गेला. त्याच खटल्यात खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी लिहून ठेवले होते की या नियमांचा अंतिम परिणाम लोकांची त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे वर्गवारी करून त्यांना वेगळे ठेवण्यात होईल. ते चुकले नव्हते.

आता तुमच्या शेजाऱ्यांच्या ‘तुमच्यासारखे लोक’ या शब्दांकडे येतो. बर्कलीत एका भारतीय कुटुंबाची आठवण अजून जपली आहे. वैष्णो दास बगाई आणि त्यांच्या पत्नी कला बगाई पेशावरहून तीन मुलांसह १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले. ते सुखवस्तू होते, त्यांनी व्यवसाय सुरू केला आणि पुढे बर्कलीत घर विकत घेतले. सामानाचे ट्रक घेऊन ते त्या घरापाशी पोहोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलेले होते, त्यांना आत पाऊल टाकता येऊ नये म्हणून. कला बगाईंनी म्हातारपणी दिलेल्या मुलाखतीत ही हकीगत सांगितली आहे. अशा वस्तीत आपल्याला राहायचेच नाही, असे त्यांनी तिथल्या तिथे पतीला सांगितले आणि भरलेले ट्रक तसेच माघारी गेले. इथे मजले वाढणार नव्हते, झाड तुटणार नव्हते, गटारावर ताण येणार नव्हता. घर आधीपासून उभे होते. वैष्णो दास यांनी नागरिकत्वही मिळवले होते. परंतु १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही असा निर्णय झाला, त्यांचे नागरिकत्व काढून घेतले गेले, परकीयांना जमीन बाळगण्यास मनाई करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याच्या कचाट्यात ते सापडले, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बर्कलीच्या नगर परिषदेने २०२० मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागातील एका रस्त्याला कला बगाईंचे नाव देण्याचे ठरवले. पैसा, शिक्षण, नागरिकत्व, नेटकी वेशभूषा, ‘चांगले शेजारी’ होण्यासाठी लागते ते सारे या कुटुंबापाशी होते. तुम्ही आज ‘तुमच्यासारख्यां’मध्ये मोडता, हे ठरवणारे तुम्ही नाही.

हा शंभर वर्षांपूर्वीचा काळ झाला, असे तुमचे पती म्हणतील. म्हणून तुमच्याच राज्यातले दोन दाखले देतो.

माउंट लॉरेल या गावात काळ्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या राहत आल्या होत्या. त्यांतील काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांचे रूपांतर करून केलेल्या घरांत राहत. त्यांनी आपल्यासाठी ३६ सदनिका बांधण्याची परवानगी मागितली. १९७० मध्ये गावाच्या महापौरांनी चर्चमध्ये येऊन त्यांना सांगितले की तुम्हाला इथे राहणे परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावे लागेल. ज्यांना हे सांगितले गेले ते गावातले सर्वांत जुने रहिवासी होते, आणि ज्यांच्यासाठी हे सांगितले गेले ते नवे बंगलेवाले नुकतेच राहायला आले होते. ‘बाहेरचा’ हा शब्द माणूस कधी आला यावरून लागत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? एथेल लॉरेन्स या शिक्षिकेने हा लढा पुढे नेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये निर्णय दिला की प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. तुमच्या शेजारच्या प्रस्तावातील राखीव सदनिका याच निर्णयाच्या वंशावळीतल्या आहेत. माउंट लॉरेलमधील १४० घरांची वसाहत मात्र २००० च्या सुमारास उभी राहिली. एथेल लॉरेन्स ती पाहायला उरल्या नव्हत्या. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढतील, ही भाकिते गावकऱ्यांनी सभांमध्ये तळमळीने केली होती. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती भाकिते पुढे तपासून पाहिली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : आसपासच्या तुलनेच्या गावांपेक्षा यांतील एकही गोष्ट वेगळी घडलेली नव्हती. जवळच राहणाऱ्या अनेकांना अशी वसाहत तिथे आहे, याचा पत्ताही नव्हता.

दुसरा दाखला अगदी अलीकडचा आहे. बास्किंग रिज येथील मुस्लिम संस्थेने २०१२ मध्ये बर्नार्ड्स टाउनशिपकडे मशीद बांधण्याचा अर्ज केला. संस्थेचे अध्यक्ष स्वतः त्याच टाउनशिपचे माजी महापौर होते. पुढच्या जवळजवळ चार वर्षांत या एका अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या. मुख्य वाद कशावरून झाला? पार्किंगवरून. टाउनशिपच्या नियमाप्रमाणे दर तीन माणसांमागे एक गाडी असा हिशेब होता आणि १५० नमाजींसाठी ५० जागा पुरल्या असत्या. परंतु हा नियम फक्त चर्चना लागू आहे, असे सांगून बांधकामाच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या प्लॅनिंग बोर्डाने १०७ जागांची मागणी केली. जागा वाढवल्या की सांडपाण्याचा आराखडा बदलतो, तो बदलला की कुंपण आणि झाडी बदलते, आणि दर बदलामागे पुन्हा एक हरकत उभी राहते. याच काळात संस्थेच्या टपालपेटीवरील इंग्रजी आद्याक्षरे बदलून त्यांचे ‘आयसिस’ हे दहशतवादी संघटनेचे नाव केले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला गेला. नंतर संस्था न्यायालयात गेली, अमेरिकेच्या न्याय खात्यानेही दावा लावला आणि २०१७ मध्ये टाउनशिपने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सॅन फ्रान्सिस्कोतील लाकडी इमारतींची जागा इथे गाड्यांनी घेतली होती, एवढाच फरक.

आणि ज्या एडिसनमध्ये आपली इतकी मराठी कुटुंबे राहतात, तिथे २०१७ च्या शालेय मंडळाच्या निवडणुकीत घरोघरी निनावी पत्रके आली होती, हे तुम्हाला आठवत असेल. चिनी आणि भारतीय लोक गाव ताब्यात घेत आहेत, असे त्यांत लिहिले होते, आणि तक्रारींच्या यादीत चिनी शाळा आणि भारतीय शाळा यांच्याबरोबर क्रिकेटच्या मैदानांचाही समावेश होता. मुलांनी खेळायचे मैदान कोणाच्या खेळाचे आहे, यावरून ते गावाची शोभा ठरते किंवा गावावरचे आक्रमण ठरते.

तुमच्या शेजाऱ्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. बर्फ काढून देणारा हात खरा आहे. परंतु त्यांचे पाचवे कारण जर खरे कारण असेल, तर उद्या रहदारीसाठी सिग्नल बसवला, तळघरे कोरडी ठेवणारा आराखडा मान्य झाला आणि शाळेला दोन खोल्या वाढवून मिळाल्या, तरी त्यांचा विरोध तसाच राहील. तुमच्या पतींचा राहणार नाही. दोघांचा विरोध एकाच कागदावर आला तरी हा फरक आहे, आणि तुमच्या गावाच्या प्लॅनिंग बोर्डाला तो कागदावरून कळत नाही. म्हणून तुम्हाला असे सुचवावेसे वाटते की तुम्ही स्वतःच्या नावाने बोर्डाच्या सचिवांना चार ओळींचे पत्र लिहून सही मागे घेत असल्याचे कळवावे, आणि सुनावणीला जावे. रहदारीविषयी खरी शंका असेल तर वाहतूक-तज्ज्ञाची शपथेवर साक्ष होते, तेव्हा नागरिकांना प्रश्न विचारता येतात, तिथे विचारावी. बॉस्टन परिसरातील अशा सभांच्या इतिवृत्तांचा अभ्यास झाला आहे. त्यात बोलायला उभे राहणारे लोक गावाच्या एकूण लोकसंख्येपेक्षा अधिक वयाचे, अधिक प्रमाणात पुरुष आणि अधिक प्रमाणात घरमालक असल्याचे दिसले, आणि त्यांतील बहुसंख्य नव्या घरांच्या विरोधात बोलले. ज्यांना त्या घरांत राहायला यायचे असते ते अजून गावात आलेलेच नसतात. त्यांच्या वतीने त्या खोलीत कोणी बसलेले नसते. मी एकदा अशा एका सभेत मागच्या रांगेत बसलो होतो. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर तीन मिनिटे मोजणारे घड्याळ, आणि सलग दोन तास एकामागून एक हरकती. शेवटी एका बाईंनी, बहुधा रुग्णालयाच्या पाळीवरून थेट आल्या असाव्यात, एवढेच सांगितले की मी तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते आणि त्यासाठी रोज दोन बस बदलून येते. घड्याळात त्यांची दोन मिनिटे शिल्लक राहिली होती.

प्रश्न : या विषयावर हल्ली कोणतीही हरकत घेतली की माणसाला वंशद्वेष्टा ठरवतात, याचा मला राग येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या रात्री माझ्या तळघरात कमरेपर्यंत पाणी होते. वरच्या अंगाला आणखी डांबर आणि काँक्रीट झाले तर ते पाणी कुठे जाणार? मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. माझी हरकत पाण्याला आहे, माणसांना नाही.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमचा राग मला समजतो. आयडाच्या रात्री न्यू जर्सीत माणसे बुडून मेली. त्या पाण्याला कोणी ढोंग म्हणू नये. तुमच्यासारख्या अभियंत्याला तर अशा सभेत फार मोलाचे काम करता येईल. पावसाच्या पाण्याचा अहवाल मागवून घ्या, तो कोणत्या पर्जन्यमानावर आधारला आहे ते पाहा, पाणी धरून ठेवणाऱ्या तळ्याची क्षमता स्वतः मोजा आणि कमी भरत असेल तर ती वाढवून मागा. जुन्या कार्यालय-संकुलाच्या जागी बांधकाम होत असेल, तर तिथे आज किती डांबर आहे आणि उद्या किती राहील, हेही मोजा. कित्येकदा नव्या आराखड्यात ते कमी होते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारतो. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठमोठे बंगले आणि त्यांचे रुंद ड्राइव्हवे झाले, तेव्हा तुमच्या भागातून कोणी हरकत घेतली होती का? एका घरात चार माणसे आणि तीन गाड्या असतील तर माणशी झाकली जाणारी जमीन सदनिकांपेक्षा कितीतरी अधिक असते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तेव्हाही हरकत घेतली असेल तर तुमच्या सचोटीविषयी मला शंका नाही, आणि तुम्ही त्या सभेत पहिल्या रांगेत बसावे. घेतली नसेल, तर पाण्याच्या हरकतीवर सह्या करणारे बाकीचे लोक कशासाठी आले आहेत, हे तुम्ही त्यांना विचारायला हवे. तुमचा अहवाल हातात धरून उद्या कोणी ‘तसले लोक नकोत’ म्हणाले, तर तिथल्या तिथे त्यांना अडवणे हे तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाला जमणार नाही, कारण ते तुमचेच शब्द वापरत असतील.

प्रश्न : मी ठाण्यातील एका गृहनिर्माण सोसायटीची सभासद आहे. पुनर्विकासानंतर विक्रीच्या ज्या नव्या सदनिका होणार आहेत त्या ‘आपल्या माणसांनाच’ मिळाव्यात, अशी अट विकासकाला घालावी, असे समितीतील काहीजणांचे म्हणणे आहे. आपली म्हणजे कोण, हे कोणी उघड बोलत नाही. अशी अट घालता येते का?
— एक सभासद, ठाणे

उत्तर : मुंबईत मराठी माणसाला तो काय खातो यावरून घर नाकारल्याची बातमी आली की आपण सगळे पेटून उठतो, आणि ते योग्यच आहे. तुमच्या समितीतील मंडळीही उठली असतील. त्यांना ती बातमी पुन्हा एकदा वाचून दाखवा.

कायद्याचे म्हणाल तर चित्र हवे तितके स्वच्छ नाही. अमेरिकेत १९६८ पासून वंश, धर्म किंवा मूळ देश यावरून घर नाकारण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे, राहत्या घरांचा तसा नाही. आणि अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा तिचा उपविधी वैध मानला. तुमच्या सोसायटीच्या उपविधीत मात्र असे काही नसेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम २३ तुमच्या बाजूचे आहे : पात्र व्यक्तीला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर निबंधकांकडे अपील करता येते. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कलम २२ प्रमाणे सभासदत्व मिळाले असे मानले जाते, हेही समितीच्या ध्यानात आणून द्या. ‘आपली माणसे’ हे शब्द ठरावात जसेच्या तसे लिहावेत आणि त्यांचा अर्थ इतिवृत्तात नोंदवावा, अशी मागणी तुम्ही सर्वसाधारण सभेत करा. ती मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.